पैलवानांच्या समोरची खुर्ची

पैलवानांनी माझी करंगळी मोडली तेव्हा मी डमी होतो. ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. बोली जिंकणाऱ्याचा जो पार्टनर असतो, तो आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याची पानंसुद्धा समोरचाच खेळतो. तो सांगेल ते पान उचलून पुढे सरकवायचं, एवढंच डमीचं काम. त्या दिवशी पैलवान बराच वेळ विचार करत होते. मला वाटलं, आता चौकटची राणी मागणार. म्हणून मी आधीच तिच्यावर बोट ठेवलं. पुढच्या क्षणी माझ्या हातावर त्यांची मूठ पडली. चहाचे कप उडाले, कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला, आणि माझी डावी करंगळी भलत्याच दिशेला वळली.

"मी राणी मागितली का?" पैलवान म्हणाले. "मग बोट कशाला घातलं?"

डाव त्यांनी पुरा केला. बोली जमवली. मग मला गाडीवर मागे बसवून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं आणि वाटभर ओरडून सांगत राहिले की तिथे राणी नव्हे, गुलाम खेळायचा होता. मी जनावरांचा डॉक्टर. त्याच आठवड्यात एका अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढायला गेलो, तेव्हा त्या करंगळीमुळे मला ब्रह्मांड आठवलं. म्हशीच्या मालकाला वाटलं मी म्हशीला शिव्या देतोय. मी देत होतो पैलवानांना. पण पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता, करंगळीला पट्टी बांधून, मी पुन्हा त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलो होतो. तिथे बसायला मिळावं म्हणून आमच्यातले कितीतरी जण जीव टाकत.

आमचा क्लब बारामतीजवळ जळोचीत, ठिबकच्या पाइपांच्या दुकानाच्या वर. लोखंडी जिना, चार टेबलं, त्यांवर हिरवं कापड, दोन पंखे, त्यातला एक कुरकुरणारा. खेळायला येणारे म्हणजे दोन वकील, एक निवृत्त तलाठी, भाजीचे अडते, कारखान्यावरचे दोघेतिघे आणि ज्यांच्या पोरांनी शेती हातात घेतल्यामुळे रविवार मोकळा झालाय असे बागायतदार. भिंतीवर नियमांची पाटी. ती पैलवानांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतली होती, त्यामुळे कडेने वेलबुट्टी आणि कोपऱ्यात दोन मोर होते. बोली एका आवाजात करावी. पान टेकले की गेले. झालेल्या डावावर टेबलावर वाद घालू नये. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरात, 'खुणा करणारास जिन्याने अगर खिडकीने जावे लागेल.'

हा विनोद नव्हता. पाइपवाले शेठ, म्हणजे खालच्या दुकानाचे आणि पर्यायाने क्लबच्या जागेचेच मालक, एकदा पार्टनरला बदाम सुचवायला छातीवर हात ठेवताना सापडले. पैलवानांनी त्यांना मानेला आणि कमरेला धरून उचललं आणि जिन्यापाशी नेऊन सोडलं. शेठ अकरा पायऱ्या लोळत गेले. गळ्याखालचं हाड मोडलं. सगळ्यांना वाटलं, क्लब आता बंद पडला. दोन महिन्यांनी शेठ हात गळ्यात बांधून वर आले, पैलवानांशी डाव्या हाताने हस्तांदोलन केलं आणि टेबलावर बसले. पुढे त्यांच्याइतकं स्वच्छ खेळणारा माणूस क्लबात नव्हता. ते जाहीर सांगत, "हाड बसलं तसा मीही सरळ बसलो." मी त्या वेळी फार हसलो होतो. आज लिहिताना हसू येत नाही, कारण शेठ पायरीवर आदळतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पैलवान खरोखरचे पैलवान होते. इंदापूर तालुक्यातल्या जत्रांमध्ये त्यांनी नाव काढलं होतं. गुडघा गेला तेव्हा ओळखीने कारखान्यावर वजनकाट्यावर लागले. तिथे कॉलनीत राहणाऱ्या एका केमिस्टसाहेबांनी त्यांना ब्रिज शिकवला. साहेबांना चौथा माणूस मिळत नव्हता आणि काट्यावरचा हा गडी दिवसभर आकडे तोंडपाठ ठेवतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने एका वर्षात साहेबांनाच हरवायला सुरुवात केली. कोणती पानं पडली, कोणाकडे काय राहिलं, हे त्यांना समोर दिसायचं. काट्यावरही त्यांची हीच ख्याती. एका ट्रॅक्टरवाल्याने वजनाच्या वेळी हळूच एक पाय काट्यावर टेकवला, तर पैलवानांनी केबिनमधून उतरून त्याला त्याच्याच ट्रॉलीतल्या उसाने झोडला, इतका की ऊस पिचून रस निघाला.

तालमीतले सगळे कायदे त्यांनी पत्त्यात आणले होते. डाव सुरू होण्याआधी चौघांनी एकमेकांशी हात मिळवायचे. त्यांच्याशी हात मिळवला की पहिले दोन हात पानं नीट धरता येत नसत. समोरच्याने चांगला डाव केला की त्याच्या पाठीत असा धपाटा घालत की तो माणूस डाव हरला असता तर बरं, असं म्हणायची पाळी यायची. नव्या माणसाला ते सांगत, "कुस्तीत मान धरत्यात, हितं जीभ धरायची. चेहरा, हात, खोकला, समदं दाबून बसायचं. पानं बोलतील."

त्यांच्या मुलाबद्दल न लिहिता पुढे गेलो तर मी त्यांची आरती ओवाळल्यासारखं होईल. तो पुण्यात होता. सणालासुद्धा यायचा तो आईला भेटून, वडील मळ्यात असतील ती वेळ साधून. एकदा मी विचारलं तर पैलवान म्हणाले, "ल्हानपणी लई मारला त्याला. मारायचं तेवढंच येत व्हतं मला." माणूस मला आवडायचा, त्याची मूठ आवडायची नाही, आणि दोन्ही एकाच सदऱ्यात होती.

वर्षातून एकदा बारामतीचे आम्ही आणि इंदापूरकर यांच्यात सामना व्हायचा. त्या वर्षी तो इंदापुरात, एका मंगल कार्यालयात होता. अखेरचा डाव उरला, आणि दोन्ही बाजू अगदी अटीतटीला. आमच्या टेबलावर समोरून अंथुर्ण्याचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, अंगाने काटकुळे, बोली करताना शाळेत हजेरी घेतल्यासारखे स्पष्ट शब्द. त्यांनी बोली केली, सहा बदाम. म्हणजे तेरापैकी फक्त एक हात आम्हाला मिळू द्यायचा. पहिलं पान टाकायची पाळी पैलवानांची होती.

माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि राजा होते. पैलवानांनी इस्पिक टाकलं तर दोन हात लगेच आमचे, आणि गुरुजी बुडाले. दुसरं काहीही टाकलं तर गुरुजी आपली इस्पिकं दुसऱ्या रंगावर उडवून मोकळे होण्याची भीती. पैलवान विचार करत होते. खूप वेळ. डोळे पानात, मान खाली, नेहमीसारखे. आमच्याकडे लहानपणी बांधावर मेंढीकोट खेळताना खुणा ठरलेल्या असतात. बदामला छाती, इस्पिकला केस. तिथे त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, तो खेळाचाच भाग. माझा हात वर गेला आणि केसांवरून फिरला. हात आपोआप गेला, लहानपणीची सवय, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला समजावत राहिलो. ते खोटं आहे. मला जिंकायचं होतं आणि मी खूण केली.

पैलवानांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी इस्पिकची दुर्री टाकली, आपल्या अकलेने. मी एक्का मारला, राजा मारला, गुरुजी बुडाले. माझी खूण फुकट गेली होती. ती केलीच नसती तरी हेच झालं असतं.

गुरुजींनी पानं खाली ठेवली आणि म्हणाले, "पंचांना बोलवा. उतारीच्या आधी डॉक्टरांनी केसांवरून हात फिरवला. मी पाहिलं."

पैलवान माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "डाक्टर, खूण केली का?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढा एक शब्द. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गुरुजी उठत म्हणाले, "अहो, तुम्हा दोघांचं ठरलेलं असणार," आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत पैलवानांची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. गुरुजी खुर्चीसकट मागे गेले. पैलवान टेबल ओलांडून त्यांच्यावर गेले, छातीवर गुडघा दिला आणि आणखी दोन ठोसे मारले. "माझ्या पार्टनरवर आळ घेतो? माझ्या पार्टनरवर?" पाच माणसं लागली त्यांना ओढून काढायला. त्यातला एक भिंतीवर फेकला गेला. हिरव्या कापडावर पानं, रक्त आणि गुरुजींचे दोन दात पडले होते. मी माझ्या खुर्चीत बसून होतो. उठलोही नाही.

पैलवान दोन दिवस कोठडीत होते. गुरुजींच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, तारांनी दात बांधले, दीड महिना त्यांना नळीने पेज घ्यावी लागली. लोक मध्ये पडले, दोन्हीकडचे पाहुणे बसले, आणि गुरुजींनीच लिहून दिलं की खेळातलं भांडण होतं, तक्रार नाही. सामना कायमचा बंद झाला. मी त्या दीड महिन्यात एकदाही अंथुर्ण्याला गेलो नाही. जनावरं बघायला त्या रस्त्याने जायची वेळ आली तर लांबून वळसा घालून जायचो.

पैलवानांना मात्र कणभर पश्चात्ताप नव्हता. त्यांना स्वतःला ठाऊक होतं की आपण खूण पाहिलेली नाही, आणि मी नाही म्हणालो होतो, संपलं. क्लबात नवा माणूस आला की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "ह्यो माझा पार्टनर. ह्याच्यापायी मी कोठडी बघितलीया." तो हात खांद्यावरून निघेपर्यंत मी पानं पिसत राहायचो. असं दीड वर्ष चाललं.

मग एका रविवारी पैलवानांच्या हातून रंग चुकला. किलवर मागितलेलं असताना त्यांनी चौकट टाकलं. किलवरची एक अठ्ठी त्यांच्या पानांत मागे चिकटून राहिली होती. चूक लगेच सांगितली तर पान परत घेता येतं. पुढचा हात सुरू झाला की चूक पक्की. पैलवानांना ती अठ्ठी शेवटाला सापडली. दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली, "रंग चुकला माझा, दंड लावा," म्हणाले, आणि स्वतःच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. दुसऱ्या थपडेला नाकातून रक्त आलं. "उशिरा सांगितलं, म्हणून दोन," ते म्हणाले, आणि रुमालाने नाक दाबून पानं पिसायला घेतली.

मला पुढचा डाव खेळता आला नाही. सहा वाजता जिन्याखाली, ते गाडीला किक मारत असताना, मी सांगितलं. सगळं. केस, एक्का, राजा. आणि तोंड पुढे करून उभा राहिलो. खरंच सांगतो, मी डोळे मिटले होते.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ते जमिनीकडे बघत होते.

"मी बघितलं न्हवतं नव्हं?"

"नाही. तुम्ही पानांत बघत होता."

"म्हंजी गुर्जी खरं बोलला."

"हो."

त्यांनी किक मारून गाडी सुरू केली. मग म्हणाले, "बस मागं."

गाडी त्यांनी थेट अंथुर्ण्याला नेली. उजेड होता अजून. गुरुजींच्या घरापुढे दोडक्याच्या क्रेट भरून ठेवल्या होत्या, त्यांचा थोरला मुलगा त्या टेम्पोत चढवत होता. गुरुजी बाजेवर बसले होते. मी त्यांना दीड वर्षानंतर पाहिलं. चेहऱ्याचा खालचा भाग एका बाजूला सरकल्यासारखा झाला होता. पैलवान त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"गुर्जी, तुमी खरं बोलला व्हता. ह्यानं खूण केलीती. मला आत्ता कळलं. मी खऱ्या माणसाचं तोंड फोडलं." त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत अडकवले. "आता तुमी फोडा."

मुलाने खोऱ्याचा दांडा उचलला आणि पहिला घाव बरगड्यांवर घातला. पैलवान कण्हले, पण हात सोडले नाहीत. दुसरा घाव पाठीत, तिसरा ज्या गुडघ्याने कुस्ती सोडवली होती त्यावर. ते खाली बसले. मुलगा रडत मारत होता. पैलवानांनी मनात आणलं असतं तर त्या पोराला एका हाताने विहिरीत भिरकावलं असतं. ते गुडघ्यावर तसेच राहिले, आणि त्यांच्या भुवईवरून रक्त ओघळून मिशीत उतरत होतं.

मी मध्ये गेलो. "अहो, चूक माझी आहे, मला मारा," असं काहीतरी बोललो. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी दारात आल्या. त्या मला म्हणाल्या, "तुमी गप बसा. तवा गप बसला, आता बी बसा."

मी गप्प बसलो.

"बास," गुरुजी अखेर म्हणाले. त्यांचा 'स' जबड्यातून वाकडा आला. मुलाने दांडा टाकून दिला.

पैलवानांना उठायला दोन प्रयत्न करावे लागले. "जबड्याएवढं झालं न्हाय अजून," ते म्हणाले. "रविवारी या गुर्जी. माझ्यासमोर बसा."

त्या दिवशी त्यांच्या दोन बरगड्या मोडल्याचं पुढे कळलं. मी त्यांना दवाखान्यात न्यायला निघालो तर त्यांनी हाताने नको म्हटलं आणि गुरुजींच्या मुलाच्याच टेम्पोत, दोडक्याच्या क्रेटशेजारी बसून गेले. त्यांची गाडी तिथेच राहिली, मी एसटीने परत आलो.

महिन्याभराने गुरुजी खरोखरच आले आणि पैलवानांच्या समोर बसले. मला कुणी ऊठ म्हटलं नाही. मीच शेजारच्या टेबलावर गेलो. आमच्याकडे बोली तोंडानेच करतात. गुरुजी 'तीन चौकट' म्हणायचे तेव्हा शब्द एका बाजूने घरंगळत यायचे, आणि प्रत्येक वेळी पैलवान मान खाली घालायचे. तीन वर्षं, दर रविवारी, स्वतःच्या मुठीचा आवाज ते पार्टनरच्या तोंडून ऐकत राहिले. त्या तीन वर्षांत त्यांनी कुणावर हात उचलला नाही. खुणा करताना एक जण सापडला, तर पाटीकडे बोट दाखवून त्याला जिना दाखवला, बस्स.

मला त्यांनी कधी बोल लावला नाही. हात मिळवायचे, ख्यालीखुशाली विचारायचे, गाय आजारी पडली की फोन करायचे. फक्त एक फरक झाला. आधी मी 'डाक्टर' होतो. आता 'डाक्टरसाहेब' झालो. ज्या माणसाने पोरापासून शेठपर्यंत सगळ्यांना बडवलं, त्याने मला त्या खोट्यासाठी एक थप्पडही मारू नये, याचं मला जे दुःख झालं ते मी घरीसुद्धा कुणाला सांगू शकलो नाही. मला ती थप्पड हवी होती. ती खाल्ली असती तर मी पुन्हा त्यांचा झालो असतो.

गेल्या वर्षी ते गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा हात इतका सुजला होता की मूठ वळत नव्हती. "बसा, डाक्टरसाहेब," म्हणाले. उशाशी त्यांचा मुलगा बसला होता, पुण्याहून आलेला, त्याने माझ्यासाठी स्टूल सरकवलं. पैलवान मग गुरुजींबद्दलच बोलत राहिले. "त्यांस्नी एकटं पाडू नगा."

दहाव्यानंतरच्या रविवारी मी क्लबात गेलो. गुरुजी आधीच आले होते, टेबलापाशी एकटेच. मी नेहमीप्रमाणे शेजारच्या टेबलाकडे वळलो. "डॉक्टर," त्यांनी हाक मारली आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

मी बसलो. बाकीचे दोघे आले, हात मिळवले, पानं वाटली. पहिली बोली गुरुजींची होती.

"एक किलवर," ते म्हणाले. 'किलवर'मधला 'ल' कुठेतरी अडकला, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती त्यांनी रुमालाने टिपली आणि माझ्या बोलीची वाट बघत बसले. माझी पानं माझ्या हातात होती. मला त्यांतलं एकही दिसत नव्हतं.